तारुण्याची वर्षे कोणाला मिळाली? जडणघडणीची कादंबरी लिहिण्यापूर्वी वाचावयाची सहा पुस्तके

१/
नगर-मनमाड मार्ग कोल्हारला प्रवरा नदी ओलांडतो. पुलाच्या दोन्ही अंगांना ऊस दिसतो. अशा गावात वाढलेल्या अनेकांच्या वहीत एका कादंबरीची पहिली पाने असतात. शाळा, घर, पहिले प्रेम, गाव सोडण्याची ओढ. हा धागा त्यांच्यासाठी आहे. लिहिण्यापूर्वी काय वाचावे, आणि वाचताना कोणता प्रश्न विचारावा?

२/
वयात येण्याच्या कादंबरीचे मूळ युरोपात गटेच्या ‘विल्हेल्म माइस्टर’पाशी (१७९५-९६) शोधले जाते. या प्रकाराची एक अट आहे. बालपण आणि संसार यांच्यामध्ये नायकाला काही मोकळी वर्षे मिळावी लागतात. भटकण्याची, चुकण्याची, परतण्याची. वय निसर्ग देतो. ही वर्षे मात्र समाज देतो, आणि तो ती सर्वांना सारखी देत नाही. म्हणून प्रत्येक पुस्तकाला विचारावे : याच्या नायकाला किती वर्षे मिळाली, आणि कोणी दिली?

३/
पहिले पुस्तक हरि नारायण आपटे यांचे ‘पण लक्षांत कोण घेतो?’. १८९० साली निघालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकात ही कादंबरी क्रमशः आली. यमू स्वतःच आपली कहाणी सांगते. लग्न, सासर, पतीच्या सहवासात लागलेली वाचनाची गोडी, आणि मग वैधव्य.

४/
याच काळात, मार्च १८९१ मध्ये, संमतिवयाचा कायदा झाला. मुलींचे संमतिवय १० वरून १२ वर आले. या दोन वर्षांसाठी महाराष्ट्र दुभंगला होता. लोकमान्य टिळकांचा सरकारी हस्तक्षेपाला विरोध होता, तर आगरकर आणि डॉ. रा. गो. भांडारकर सुधारणेच्या बाजूने उभे होते. सभांमध्ये मुलीच्या वयावर वाद चालला असताना कादंबरीत ती मुलगी स्वतः बोलत होती. आपटे यांनी निवेदन यमूच्या मुखी दिले, हा त्या काळातील मोठा निर्णय होता.

५/
दुसरे ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी हे पुस्तक फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले. रूढ अर्थाने ती कादंबरी नव्हे, परंतु रचना शिकण्यासारखी आहे. प्रौढ श्याम आश्रमातील सोबत्यांना रात्रीमागून रात्र आठवणी सांगतो. श्यामला शिक्षणाची वर्षे मिळतात ती दारिद्र्यातून आणि आईच्या कष्टांतून. आणि तो शिकण्यासाठी दूर असतानाच आई जाते. मिळालेल्या वर्षांची किंमत दुसऱ्या कोणीतरी मोजलेली असते, ही जाणीव या पुस्तकाने मराठी वाचकाला दिली.

६/
तिसरे ‘कोसला’ (१९६३). प्रकाशनाच्या वेळी भालचंद्र नेमाडे पंचविशीत होते, आणि त्यांचा पांडुरंग सांगवीकरही तेवढाच. खानदेशातील खेड्यातून तो पुण्याच्या महाविद्यालयात येतो. घरून पैसे येतात, वसतिगृह आहे, वेळ आहे. म्हणजे मोकळी वर्षे पूर्ण मिळाली आहेत. पण त्यांचे करावयाचे काय, हेच कळत नाही. हाती फारसे काही न लागता तो गावी परततो. येथे घडण्याऐवजी न घडणे हाच कादंबरीचा विषय झाला.

७/
चौथे पुस्तक आपल्या जिल्ह्याचे. प्रवरेच्या वरच्या अंगाला अकोले तालुका आहे. त्यातील धामणगावचे दया पवार. त्यांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये ग्रंथालीने काढले. हे आत्मकथन आहे, तरीही कादंबरीकाराने ते वाचलेच पाहिजे. दगडू मारुती पवार आपली कथा सांगतो आणि दया पवार ती ऐकतो. माणूस एकच, परंतु शिकून शहरात स्थिरावलेला लेखक आणि महारवाड्यातून व मुंबईच्या कावाखान्यातून आलेला मुलगा यांच्यात अंतर पडले आहे. ते अंतर लपवण्याऐवजी त्यांनी त्यालाच पुस्तकाचा सांगाडा केले.

८/
पाचवे आनंद यादव यांचे ‘झोंबी’ (१९८७). कागलच्या मळ्यात राबणाऱ्या मुलाला शाळा हवी आहे आणि बापाला मळ्यात हात हवे आहेत. येथे वर्षे कोणी देत नाही. झोंबून घ्यावी लागतात. बाप खलनायक नाही, गरिबीने त्याला तसे वागावयास लावले आहे. आपल्या कादंबरीतील बाप लिहिताना हे पुस्तक जवळ असावे.

९/
सहावे मिलिंद बोकील यांचे ‘शाळा’ (२००४). आणीबाणीचा काळ, नववीचा वर्ग, मुकुंद जोशी. एका शैक्षणिक वर्षात सारे घडते. मध्यमवर्गीय मुलाला ही मोकळीक आता गृहीतच धरलेली आहे. यमूपासून मुकुंदापर्यंतचे अंतर हा महाराष्ट्राचा सामाजिक इतिहास आहे.

१०/
आता पुन्हा कोल्हार. १९२६ मध्ये भंडारदऱ्याचे धरण पूर्ण झाले. १९५० च्या अखेरीस शेजारच्या प्रवरानगरला, विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने, सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले. पाण्यामागून ऊस आला, उसामागून शाळा-महाविद्यालये. बागायतदाराच्या घरातील मुलांना तारुण्याची वर्षे मिळाली.

११/
त्याच उसाच्या तोडणीला दरवर्षी बाहेरून टोळ्या येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’, आणि उचल मिळते ती कोयत्याला. हंगामात मुलांची शाळा सुटते. जोडी हवी म्हणून आणि मागे मुलगी एकटी राहू नये म्हणून लवकर लग्ने लावली जातात. मुलींचे विवाहाचे किमान वय १९२९ मध्ये १४ ठरले, १९७८ मध्ये १८ झाले. कायदा पुढे गेला; फडातल्या यमूची वर्षे अजूनही कापली जात आहेत.

१२/
म्हणून कादंबरी अवश्य लिहा. फक्त पहिल्या पानाआधी एक हिशेब मांडा. आपल्याला मोकळी वर्षे किती मिळाली? ती कोणाच्या कष्टांतून आली? आणि आपल्याच वयाच्या कोणाला ती मिळाली नाहीत? हा हिशेब प्रामाणिकपणे मांडला, तर कोल्हारच्या पुलावरचा एक मुलगा किंवा एक मुलगी यांची गोष्ट या परंपरेतील पुढचे पुस्तक होऊ शकेल.

१३/
कोठून आरंभ करावा हे ठरत नसेल, तर ‘पण लक्षांत कोण घेतो?’ आणि ‘बलुतं’ पाठोपाठ वाचा. तुमच्या यादीत सातवे पुस्तक कोणते असेल, ते खाली अवश्य लिहा.