शिष्य करण्याची आज्ञा आणि पौलाचा परतीचा मार्ग

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ख्रिस्ती धर्मप्रसाराचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने प्रवासाच्या विस्ताराकडे जाते. पौलाच्या प्रवासांचे नकाशे पवित्र शास्त्राच्या अनेक आवृत्त्यांच्या शेवटी छापलेले असतात. परंतु ज्या आज्ञेशी हे प्रवास जोडले जातात, त्या मत्तयकृत शुभवर्तमानाच्या २८ व्या अध्यायातील आज्ञेचा भर प्रवासावर नाही. मूळ ग्रीक वाक्यात 'जाणे' हे धातुसाधित रूपात येते. आज्ञार्थी क्रियापद 'शिष्य करणे' हे एकच आहे. बाप्तिस्मा देणे आणि शिकविणे ही दोन्ही रूपे त्यालाच जोडलेली आहेत.

येथे कालक्रमाची एक अडचण उभी राहते. बहुसंख्य विद्वान मत्तयकृत शुभवर्तमानाची रचना इ.स. ८० ते ९० च्या सुमारास झाली असे मानतात. पौलाचे प्रवास मात्र साधारणतः इ.स. ४६ ते ५७ या काळातील आहेत. म्हणजेच पौलाच्या हाती हा ग्रंथ नव्हता. शिवाय त्याच्या पत्रांत 'शिष्य' हा शब्द एकदाही येत नाही. तेव्हा हे प्रवास म्हणजे लिखित आज्ञेची अंमलबजावणी होय, हे रूढ विधान जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. आज्ञेचा आशय प्रवाशांच्या वर्तनात दिसतो काय, एवढेच तपासणे इतिहासाच्या दृष्टीने योग्य ठरते.

या दृष्टीने पहिल्या प्रवासातील दर्बे हे नगर सर्वाधिक महत्त्वाचे आहे. 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथानुसार पौल व बर्णबा सिरियातील अंत्युखियाहून निघाले आणि सायप्रस बेट, पिर्गा, पिसिदियातील अंत्युखिया, इकुन्या व लुस्त्र या मार्गाने दर्बेस पोहोचले. लुस्त्र येथे पौलावर दगडफेक झाली व तो मेला असे समजून त्याला नगराबाहेर ओढून टाकण्यात आले होते. दर्बेहून पूर्वेस किलिकियाच्या खिंडीतून त्याच्या जन्मगावी, तार्सस येथे, जाणारा खुष्कीचा मार्ग होता. पुढे अंत्युखियाही त्याच दिशेला होते. तो सोडून दोघे आल्या वाटेने लुस्त्र, इकुन्या व पिसिदियातील अंत्युखिया येथे परत गेले. जेथे जिवावर बेतले, तेथेच पुन्हा जाण्याचे कारण ग्रंथकाराने स्पष्ट दिले आहे: नव्या अनुयायांना धीर देणे आणि प्रत्येक मंडळीत वडील नेमणे. दर्बे येथील कार्याचे वर्णन करताना ग्रंथकार 'शिष्य करणे' हेच क्रियापद वापरतो. नव्या करारात हे क्रियापद केवळ चार वेळा आढळते. त्यांपैकी तीन वापर मत्तयात आहेत व चौथा हा.

पुढील प्रवासांत मुक्कामांचा काळ वाढत गेला. करिंथ येथे पौल दीड वर्ष राहिला. डेल्फी येथील शिलालेखामुळे प्रांताधिपती गल्लियोचा कार्यकाळ इ.स. ५१-५२ च्या सुमाराचा ठरतो, व त्यावरून या मुक्कामाचा काळही बऱ्याच निश्चितीने सांगता येतो. सम्राट क्लौद्याच्या हुकुमामुळे रोम सोडावे लागलेल्या अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांच्यासह तो तेथे तंबू करण्याचा व्यवसाय करीत असे. हाताला काम असल्यामुळेच इतका दीर्घ निवास शक्य झाला असावा. इफिस येथे तुरन्नाच्या पाठशाळेत त्याने दोन वर्षे दररोज संवाद चालविला. रोमन रस्त्यांची सोय निर्विवाद होती, पण रस्ता माणसाला पुढे नेतो. थांबण्याचा निर्णय प्रवाशाचा असतो.

जेथे स्वतः जाणे शक्य नव्हते तेथे पत्र किंवा माणूस जाई. थेस्सलनीकाकरांना इ.स. ५० च्या सुमारास लिहिलेले पहिले पत्र नव्या करारातील सर्वांत प्राचीन लेखनांत गणले जाते. त्यापूर्वी त्यांची विचारपूस करण्यास पाठविलेला तीमथ्य हा लुस्त्र भागातील तरुण होता. धोका पत्करून पुन्हा भेट दिलेल्या प्रदेशातूनच पौलाला आपला निकटचा सहकारी लाभला, हे लक्षणीय आहे.

कालांतराने फिरस्त्या उपदेशकांविषयी मंडळ्या सावध झाल्या. पहिल्या शतकाच्या अखेरीस किंवा दुसऱ्याच्या आरंभी रचलेला 'डिडाखे' हा ग्रंथ १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे हस्तलिखित रूपात सापडला. आलेल्या प्रेषिताने एक, फार तर दोन दिवस राहावे. तिसऱ्या दिवशीही राहिला अथवा पैसे मागितले तर तो खोटा समजावा, असा त्यात नियम आहे. ज्याला स्थायिक व्हायचे असेल त्याने स्वतःच्या कसबावर पोट भरावे, असेही तो सांगतो. याच ग्रंथात मंडळ्यांनी आपले अध्यक्ष व सेवक स्वतः निवडावेत, अशीही सूचना आढळते.