कृत्रिम नेत्रभिंगाचा इतिहास : शोध आणि प्रसार यांतील अंतर

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचा विषय निघाला की आपल्याकडे सुश्रुतसंहितेचा उल्लेख अभिमानाने होतो, आणि तो योग्यच आहे. मात्र तेथे वर्णिलेल्या क्रियेत गढूळ झालेले भिंग बाहुलीसमोरून केवळ बाजूला सारले जाई. अठराव्या शतकाच्या मध्यास फ्रेंच शल्यचिकित्सक जाक दाविएल यांनी ते डोळ्याबाहेर काढण्याची पद्धत पुढे आणली. दोन्ही पद्धतींत भिंगाची जागा रिकामीच राही. ती उणीव जाड भिंगांच्या चष्म्याने भरून काढावी लागे. त्यातून वस्तू सुमारे पाव पटीने मोठ्या दिसत, कडेचे नीट दिसत नसे, आणि चष्मा फुटला की शस्त्रक्रिया झालेला माणूस पुन्हा परावलंबी होई. असा चष्मा लावून भिंतीच्या आधाराने चालणारी वृद्ध मंडळी प्रस्तुत लेखकाच्या पिढीने घरोघरी पाहिली आहेत.

ही जागा भरण्याचे श्रेय लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातील हॅरॉल्ड रिडले यांना दिले जाते. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या पर्स्पेक्स या प्लास्टिकच्या आवरणाचे तुकडे काही वैमानिकांच्या डोळ्यांत शिरले होते. हे तुकडे फारसा दाह न करता डोळ्यात राहू शकतात, असे रिडले यांच्या लक्षात आले. रेनर कंपनीतील जॉन पाइक यांच्या साहाय्याने त्यांनी त्याच द्रव्याचे भिंग घडविले. पहिल्या रोपणाची तारीख २९ नोव्हेंबर १९४९ अशी दिली जाते; भिंग कायमस्वरूपी बसविले गेले ते मात्र ८ फेब्रुवारी १९५० रोजी. त्या भिंगाची शक्ती प्रमाणाबाहेर ठरल्याने रुग्ण स्त्रीच्या डोळ्यात तीव्र निकटदृष्टिदोष उरला.

१९५१ मध्ये ऑक्सफर्ड येथील परिषदेत रिडले यांनी आपले काम मांडले, तेव्हा तत्कालीन मान्यवरांनी, विशेषतः सर स्टुअर्ट ड्यूक-एल्डर यांनी, त्याकडे पाठ फिरविली. या विरोधकांना कूपमंडूक ठरविणे सोपे आहे. परंतु डोळ्यातील परकीय वस्तू बाहेर काढणे हेच नेत्रवैद्याचे कर्तव्य, ही त्यांची शिकवण होती. शिवाय आरंभीची भिंगे जड होती, ती जागेवरून सरकत, काचबिंदू उद्भवे आणि काही भिंगे काढून टाकावी लागत. शंका निराधार नव्हत्या. चूक झाली ती घडणीतील दोष कल्पनेच्या माथी मारण्यात. १९७७ मध्ये स्टीव्हन शिअरिंग यांचे भिंग आले आणि बाहुलीमागील मूळ जागाच योग्य होती, हे पटू लागले. रिडले यांना रॉयल सोसायटीचे सदस्यत्व १९८६ मध्ये व 'सर' हा किताब २००० मध्ये मिळाला. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले.

शोधाचा इतिहास बहुधा येथे थांबतो. भारतीय रुग्णाच्या दृष्टीने मात्र तो येथून सुरू होतो. आयात भिंगाची किंमत शंभर डॉलरच्या घरात असल्याने शिबिरांत येणाऱ्या गरिबाच्या वाट्याला जाड चष्माच येई. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये मदुराईत स्थापिलेल्या अरविंद नेत्र रुग्णालयाने १९९२ मध्ये 'ऑरोलॅब' हा स्वतःचा कारखाना उभारला, आणि भिंग सुमारे दशांश किमतीत उपलब्ध झाले. १९९४ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्रासह सात राज्यांत मोतीबिंदू अंधत्व नियंत्रण प्रकल्प सुरू झाला. त्याच्या काळात सरकारी शस्त्रक्रियांमध्येही भिंगारोपण रुळत गेले. लंडनमधील त्या पहिल्या रोपणाला तोवर चार तपे होऊन गेली होती.