वेळेवरचे मोर्तब

हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावी तुम्ही कुणालाही ‘किती वाजले?’ म्हणून विचारा. तो खिशातला फोन काढील आणि सांगेल. पण ‘ही वेळ तुला कुणी सांगितली, आणि त्याच्यावर तुझा विश्वास कां?’ असे विचारलेत, तर तो तुमच्या तोंडाकडे बघतच राहील. प्रश्न मात्र वेडगळ नाही. त्याला चांगला सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

१८८१ साली मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन ह्यांनी शहराला मद्रासची वेळ लावू पाहिली. रेल्वेगाड्या त्याच वेळेने धावत. पण मुंबईकर बधले नाहीत, आणि सरकारला माघार घ्यावी लागली. पुढे १ जानेवारी १९०६ पासून ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची भारतीय प्रमाणवेळ आली. मुंबईची वेळ तिच्या ३९ मिनिटे मागे. सूर्य तोच, पण गिरणीचा भोंगा तेवढा आधी वाजणार! कामगार खवळले. नगरपालिकेने तर जुनी वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. सांगणारा आपला वाटला पाहिजे, हाच त्या हट्टाचा अर्थ.

आज देशाची प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा अणुघड्याळांवर राखते. संगणक मात्र वेळ विचारतो तो तारेवरून. ही विचारपूस करण्याची रीत अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड मिल्स ह्यांनी १९८५ मध्ये मांडली. तिला नेटवर्क टाइम प्रोटोकॉल म्हणतात. निरोप जायला-यायला किती वेळ लागला, ह्याचा हिशेब करून संगणक आपले घड्याळ जुळवून घेतो.

आता समजा, वाटेत कुणी तोतया बसला आणि त्याने खोटी वेळ कळवली, तर? मुदत संपलेले ओळखपत्र संगणकाला चालू वाटेल. बँकेच्या नोंदीत आधीचे नंतर आणि नंतरचे आधी होईल. मग चोरी केव्हा झाली, हे शोधायचे कसे?

आपल्या मराठेशाहीतल्या कारकुनांना ही काळजी ठाऊक होती. पत्र संपले, की ते शेवटी मोर्तब उठवीत: ‘मर्यादेयं विराजते’. म्हणजे मजकूर येथे संपला. ह्यापुढे कुणी अक्षर घुसडू नये. मिल्स ह्यांच्या पद्धतीच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत असेच मोर्तब आले.

त्याची रीत अशी. वेळ देणारा आणि घेणारा, दोन्ही संगणकांवर एकच गुप्त किल्ली, एकाच क्रमांकाने लिहून ठेवायची. देणारा निरोप आणि किल्ली एकत्र करून त्यांचे गणिती सार काढतो, आणि किल्लीच्या क्रमांकासह निरोपाच्या शेवटी जोडतो. घेणारा आपल्याजवळच्या किल्लीने तेच गणित करतो. सार जुळले, तर खूण पटली. नाही जुळले, तर निरोप टाकून दिला. किल्ली स्वतः कधीच तारेवरून जात नाही. शिक्क्याची नक्कल करता येई. हे सार मात्र निरोपातला एक आकडा बदलला तरी बदलते.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. किल्ली नुसती लिहून भागत नाही. ह्या क्रमांकावर विश्वास ठेव, आणि अमक्या संगणकाला ह्याच किल्लीने विचार, असे घेणाऱ्याला बजावून सांगावे लागते. शिवाय किल्लीची फाइल व्यवस्थापकाखेरीज कुणाला वाचता येता कामा नये. साराचे जुने एमडी-५ गणित आता कच्चे ठरले आहे. २०१९ पासून त्याच्या जागी एईएस-सीमॅक वापरण्याची शिफारस आहे.

ह्या मोर्तबाने वेळ लपत नाही. ती लपवायची नसतेच. ते फक्त सांगणारा कोण, हे सांगते. आणि किल्ली मुळात एकाकडून दुसऱ्याकडे पोचवायची कशी? ती दुसऱ्या खात्रीच्या वाटेनेच न्यावी लागते. हे ओझे हलके करणारी नवी पद्धत २०२० मध्ये आली खरी. पण तिथेही कुणावर तरी आधी विश्वास टाकावाच लागतो.

तेव्हा पुढच्या वेळी घड्याळ लावाल, तेव्हा काट्यांबरोबर हेही पाहा: खूण पटली आहे ना?