मद्यजन्य हृदयस्नायुविकार

वर्षानुवर्षे अतिमद्यपान केल्याने हृदयाच्या स्नायूला होणारी इजा. यात हृदयाचे कप्पे, विशेषतः डावी जवनिका, फुगून मोठे होतात, भिंती पातळ पडतात आणि आकुंचनाचा जोर ओसरतो. हृदयविकाराचा झटका बहुधा हृद्‌रोहिणी तुंबल्याने येतो. इथे रोहिण्या मोकळ्या असूनही स्नायूच दुबळा होत जातो. रुग्णालयात नातेवाईक ‘हार्ट मोठं झालंय, पंपिंग कमी झालंय’ असे सांगतात, त्यामागच्या कारणांपैकी हे एक.

रोज ८० ग्रॅमहून अधिक शुद्ध अल्कोहॉल किमान ५ वर्षे पोटात गेले, तर हा धोका मोठा मानतात. बहुतेक रुग्णांचे पिणे १० वर्षांहून जुने असते. ४२.८ टक्के तीव्रतेच्या व्हिस्की किंवा रमच्या १८० मिलि. क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम अल्कोहॉल असते आणि ६० मिलि.च्या पेगमध्ये सुमारे २०. म्हणजे रोजची एक क्वार्टर आणि वर एक लार्ज पेग एवढ्यात ही पातळी गाठली जाते. साध्या बिअरच्या ६५० मिलि.च्या तीन बाटल्याही जवळपास तेवढ्याच भरतात, तेव्हा ‘मी फक्त बिअर घेतो’ या समाधानाला काही आधार नाही. स्त्रियांच्या हृदयाला तुलनेने कमी मद्याने तेवढीच इजा होते. इतके पिणाऱ्या प्रत्येकाला मात्र हा विकार जडत नाही. टायटिन या स्नायुप्रथिनाच्या जनुकातील दोष असलेल्यांना तो अधिक संभवतो.

बिअर आणि हृदय यांचा संबंध प्रथम ठळकपणे मांडला गेला तो म्यूनिकमध्ये. विकृतिशास्त्रज्ञ ओटो बोलिंगर यांनी १८८४ मध्ये तिथल्या पिणाऱ्यांच्या फुगलेल्या हृदयांचे वर्णन केले. त्या शहरात माणशी वर्षाला ४३२ लिटर बिअर खपत होती, जर्मनीच्या इतर भागांत ८२ लिटर. तरीही पुढे अनेक दशके दोष मद्याचा की त्यातल्या भेसळीचा, हा वाद चालला, आणि त्याला कारणेही होती. १९०० मध्ये मँचेस्टर परिसरात आर्सेनिक मिसळलेल्या बिअरने हजारो लोक आजारी पडले. कॅनडातील क्वेबेक शहरात १९६५-६६ मध्ये बिअरचा फेस टिकावा म्हणून घातलेल्या कोबाल्टमुळे ४८ जणांचे हृदय बिघडले व त्यांतले २० दगावले. ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा बेरीबेरीही मद्यपींत आढळतो आणि तोही हृदय निकामी करतो. अखेर १९८९ मध्ये बार्सिलोनातील संशोधकांनी कोणतीही तक्रार नसलेले ५० मद्यासक्त पुरुष तपासले. त्यांतल्या एकतृतीयांश जणांच्या हृदयाचे आकुंचन मंदावलेले होते, आणि आयुष्यभरात घेतलेले अल्कोहॉल जितके जास्त तितकी ही घट मोठी होती.

अल्कोहॉल व त्यापासून यकृतात बनणारे अ‍ॅसिटाल्डिहाइड पेशीतील ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिकांना दुखावतात, आकुंचनासाठी लागणाऱ्या कॅल्शियमची ये-जा बिघडवतात आणि स्नायुप्रथिनांची निर्मिती घटवतात. मेलेल्या पेशींच्या जागी तंतुमय ऊतक येते.

हे सगळे चालू असताना माणसाला काही वर्षे काहीच जाणवत नाही, आणि घात तिथेच होतो. मग जिना चढताना धाप लागते, रात्री उशा वाढवून झोपावे लागते, पावले सुजतात. अनेकांत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोक्यांची पूर्ण अनियमितता, सुरू होते. त्यातून रक्ताची गुठळी मेंदूत जाऊन पक्षाघात होऊ शकतो.

निदान पक्के करणारी एकच अशी चाचणी नाही. टू-डी एकोत हृदयाचा आकार व पंपिंग कळते, अँजिओग्राफीने रोहिण्यांचा आजार वगळता येतो. निर्णायक ठरते ती पिण्याची खरी माहिती. रुग्ण ती लाजेने लपवतो, घरचे त्याच्यासमोर बोलत नाहीत, आणि गर्दीत डॉक्टरांचे विचारायचे राहते. काय, किती आणि किती वर्षे, हे दूषण न देता विचारणे हा तपासणीचाच भाग समजायला हवा.

हृदयस्नायूच्या बऱ्याच विकारांत मूळ कारण दूर करता येत नाही. इथे ते येते. दारू पूर्ण सोडलेल्यांपैकी अनेकांचे पंपिंग काही महिन्यांत सुधारू लागते, काहींचे जवळजवळ पूर्ववत होते. इजा फार पुढे गेली असेल तर सुधारणा अपुरी राहते. पिणे चालूच ठेवणाऱ्यांचे भवितव्य वाईट असते. म्हणून हृदयरोगतज्ज्ञाइतकीच व्यसनमुक्ती उपचारांची गरज असते. पुण्यात १९८६ पासून चालणाऱ्या मुक्तांगणसारख्या केंद्रांचे काम या अर्थाने हृदयाचाही उपचार आहे. रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केल्यास झटके किंवा भ्रमावस्था येऊ शकते, त्यामुळे सुरुवातीचे दिवस वैद्यकीय देखरेखीखाली काढावेत. जोडीला बीटा ब्लॉकर, एसीई इन्हिबिटर, लघवी वाढवणारी औषधे आणि गरजेनुसार ब-१ जीवनसत्त्व देतात. औषधांनी भागले नाही तर हृदय प्रत्यारोपणाचा विचार होतो. त्यासाठी बहुतेक केंद्रे आधी काही महिन्यांचा, बहुधा सहा महिन्यांचा, दारूमुक्त काळ मागतात.