बरणीआधी उन्हाळा

परभणीकडचा काळा मसाला वर्षभर टिकतो, याचं श्रेय चिनी मातीच्या बरणीला दिलं जातं. मला ते अर्धवट वाटतं. मसाल्याचं टिकणं ठरतं वैशाखात. पारा 40 अंशांपुढे गेला की मिरच्या-धणे कडकडीत वाळतात, आणि मृगाच्या आत कुटून झालं तर दमट हवा शिरण्याआधीच बरणीला दादरा बसतो. कुटलेल्या मसाल्याचा वास लवकर उडतो, हा आक्षेप खराच. पण जुन्या घरांनी तो कधीच ओळखला होता. 1999 पर्यंत याच जिल्ह्यात असलेल्या वसमतची हळद हळकुंडांच्या रूपातच ठेवत, लागेल तशी दळत. मसाला दाबून भरत, वर हिंगाचे खडे ठेवत, रोजच्यापुरता मिसळणाच्या डब्यात काढत. मोठ्या बरणीला ओला हात लावायचा नाही, हा नियम घरात सगळ्यांना सारखा.