पुढच्या संगणकासाठी लिहिलेला खेळ

ऑक्टोबर २००६. मायक्रोसॉफ्टचा 'फ्लाइट सिम्युलेटर एक्स' बाजारात आला. किमान गरज सांगितली होती १ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि ३२ एमबीचे ग्राफिक्स कार्ड. त्या आकड्यांवर विसंबलेल्यांना पडद्यावर विमानाऐवजी अडखळत सरकणारी चित्रे दिसली. नवलाची गोष्ट पुढेच आहे. ज्यांनी त्यासाठी नवाकोरा, महागडा संगणक घेतला, त्यांचेही विमान मोठ्या शहरावर आले की धापा टाकू लागे. असे का व्हावे?

मित्रहो, त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. या खेळाचा जनक ब्रूस आर्टविक. १९७५ साली इलिनॉय विद्यापीठात त्याने संगणकाच्या पडद्यावर उड्डाणाचे दृश्य उभे करण्यावर प्रबंध लिहिला. त्याच्या 'सबलॉजिक' कंपनीने आधी ॲपल-२ साठी हा खेळ काढला आणि १९८२ साली मायक्रोसॉफ्टने तो आयबीएम पीसीवर आणला. त्या काळी अनेक कंपन्या आयबीएमच्या नकला विकत असत. नकल कितपत अस्सल, हे पाहण्यासाठी 'लोटस १-२-३' आणि फ्लाइट सिम्युलेटर चालवून बघण्याची रीत पडली. कारण हा खेळ थेट यंत्राशीच बोले. डॉसची मध्यस्थी त्याला नको असे. यंत्रात कुठे खोट असेल, तर ती लगेच उघडी पडे.

यंत्राला शेवटच्या थेंबापर्यंत पिळून घेण्याची ही सवय पुढेही टिकली. आणि काळ तिला अनुकूल होता. १९९३ चा पहिला पेंटियम ६० मेगाहर्ट्झचा, तर २००४ अखेरचा पेंटियम-४ तब्बल ३.८ गिगाहर्ट्झचा! आज खेळ जड वाटला, तर दोन वर्षे थांबावे आणि नवा प्रोसेसर घ्यावा, इतका सोपा हिशेब होता. 'एक्स'च्या कर्त्यांनीही उद्याच्या संगणकावर भरवसा ठेवला.

तो उद्या मात्र वेगळाच उगवला. वेग वाढवावा तशी उष्णता आवरेना. मे २००४ मध्ये इंटेलने 'तेजास' हा अधिक वेगवान प्रोसेसरचा प्रकल्पच गुंडाळला आणि एका चिपवर दोन गाभे बसवण्याकडे मोर्चा वळवला. जुलै २००६ मध्ये 'कोर २ ड्युओ' आला. त्याचा गाभा पूर्वीपेक्षा कार्यक्षम होता, पण खरी वाढ होती ती दोन गाभ्यांची. 'एक्स'चे मुख्य काम मात्र एकाच गाभ्यावर चाले. एक बैल नांगर ओढतो आहे आणि दुसरा गोठ्यात रवंथ करतो आहे, अशी गत झाली.

त्यामुळे ग्राफिक्स कार्ड बदलूनही अनेकांची निराशा झाली. झाडे, इमारती, रस्त्यांवरची वाहने यांचा हिशेब प्रोसेसरलाच करावा लागे आणि कार्ड त्याची वाट पाहत बसे. रॅम वाढवण्यालाही मर्यादा होती. ३२-बिटचा हा खेळ ४ जीबीपलीकडची स्मृती वापरूच शकत नसे. उरले दोनच मार्ग : प्रोसेसर ठरल्यापेक्षा अधिक वेगाने पळवणे, किंवा निमूटपणे झाडे आणि वाहने कमी करणे. (दुसरा मार्ग अधिक शहाणपणाचा होता, हे माझे मत, पण हौसेला शहाणपण कोण सांगणार?)

मे २००७ च्या दुरुस्तीने भूप्रदेशाचे काही काम इतर गाभ्यांवर सोपवले. फरक पडला, पण पाया तोच राहिला. तो पाया बदलण्याआधीच, जानेवारी २००९ मध्ये, मायक्रोसॉफ्टने खेळ घडवणारा 'एसेस' स्टुडिओच बंद केला.

पुढची मोठी आवृत्ती उजाडली ती थेट १८ ऑगस्ट २०२० रोजी, फ्रान्सच्या 'असोबो'कडून. ती ६४-बिटची होती आणि तिला १५० जीबी जागा लागे. युरोपात ती १० डीव्हीडींच्या खोक्यातही विकली गेली. तोवर अनेकांच्या नव्या संगणकात डीव्हीडी ड्राइव्हच उरला नव्हता!