नाव हरवलेली छायाचित्रे

आर्तुरो शॉम्बर्ग यांच्या बालपणाची एक कथा सांगितली जाते. त्यांचा जन्म सन १८७४ मध्ये पोर्तो रिको बेटावर झाला. शाळेत शिकत असता, कृष्णवर्णीयांना ना इतिहास आहे ना थोर पुरुषांची परंपरा, असे एका शिक्षकाने त्यांना ऐकवले. कथा शब्दशः खरी असो वा नसो, शॉम्बर्ग यांचे पुढील सारे आयुष्य म्हणजे त्या विधानाला दिलेले उत्तरच होते. सन १८९१ मध्ये ते न्यूयॉर्कला आले. पुढे एका बँकेच्या टपाल विभागात नोकरी करीत असताना, मिळेल त्या वेळात आणि परवडेल त्या पैशांत त्यांनी आफ्रिकी वंशाच्या लोकांचे ग्रंथ, हस्तलिखिते, पत्रके आणि चित्रे जमवली. इतिहास नाही म्हणणाऱ्याशी वाद घालण्यापेक्षा त्याच्यापुढे पुरावा ठेवावा, ही त्यांची रीत होती.

त्या काळी दक्षिणेकडील राज्यांतून निघालेली हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात वस्तीला येत होती. तेथील १३५व्या रस्त्यावर न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाची एक शाखा होती. ग्रंथपाल अर्नेस्टीन रोझ यांनी बदललेल्या वस्तीची गरज ओळखली आणि सन १९२५ मध्ये तेथे कृष्णवर्णीयांच्या साहित्य, इतिहास व चित्रांचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. पुढल्याच वर्षी कार्नेगी कॉर्पोरेशनच्या दहा हजार डॉलरांच्या साह्याने ग्रंथालयाने शॉम्बर्ग यांचा संग्रह विकत घेतला. त्यात पाच हजारांवर ग्रंथ, तीन हजार हस्तलिखिते आणि सुमारे दोन हजार चित्रे होती. सन १९३२ पासून १९३८ मध्ये निधन होईपर्यंत शॉम्बर्ग या संग्रहाचे अभिरक्षक होते. सन १९३४ मध्ये चित्रकार एरन डग्लस यांनी याच शाखेसाठी आफ्रिकेपासून अमेरिकेतील महानगरापर्यंतचा कृष्णवर्णीयांचा प्रवास चार भव्य चित्रांत रंगवला. एका मोहल्ल्याचे हे वाचनालय आज शॉम्बर्ग केंद्र या नावाने जगभरच्या अभ्यासकांना परिचित आहे. तेथील पुष्कळशी जुनी चित्रे व छायाचित्रे आता घरबसल्या संगणकाच्या पडद्यावर पाहता येतात.

मात्र ग्रंथ जपणे आणि छायाचित्र जपणे यांत एक मोठा भेद आहे. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर त्याचे व कर्त्याचे नाव असते. छायाचित्राला मुखपृष्ठ नसते. त्यातील माणसे ओळखणारी पिढी गेली की चित्र उरते, पण माणूस हरवतो.

पिट्सबर्ग शहरातील चार्ल्स ‘टीनी’ हॅरिस यांच्या छायाचित्रांवर नेमका हाच प्रसंग ओढवला होता. हॅरिस (१९०८–१९९८) हे ‘पिट्सबर्ग कुरियर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राचे छायाचित्रकार. एका माणसाचे ते बहुधा एकच छायाचित्र घेत, म्हणून नगराध्यक्षांनी त्यांना ‘वन शॉट’ असे नाव दिले होते. लग्नसमारंभ, शाळांचे वर्ग, न्हाव्याची दुकाने, बेसबॉलचे सामने, निषेधमोर्चे अशा हिल डिस्ट्रिक्ट या वस्तीच्या रोजच्या जीवनावर त्यांचा कॅमेरा चार दशके फिरत राहिला. सन १९५०नंतरच्या दशकात नगरसुधारणेच्या नावाखाली त्या वस्तीचा खालचा भाग पाडण्यात आला आणि सुमारे आठ हजार रहिवासी विस्थापित झाले. जे रस्ते भूमीवरून पुसले गेले, ते हॅरिस यांच्या निगेटिव्हांवर तेवढे शिल्लक राहिले.

सन २००१ मध्ये पिट्सबर्गच्या कार्नेगी कलासंग्रहालयाने जवळजवळ ऐंशी हजार निगेटिव्हांचा हा साठा मिळवला. त्यांतील फार थोड्यांवर नाव वा तारीख होती. निगेटिव्हांच्या संगणकीय प्रती तयार करणे हे यंत्राचे काम. त्यांतील चेहऱ्यांना नावे देणे यंत्राच्या आवाक्याबाहेरचे होते. म्हणून संग्रहालयाने ही छायाचित्रे शहरवासीयांपुढे मांडली, वृद्धांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या. कुणाला आपली शाळा दिसली, कुणाला शेजारीण. त्यांनी सांगितलेली नावे, ठिकाणे व वर्षे सूचीत नोंदली गेली. ज्यांचा इतिहास होता, तेच त्याचे सूचिकार झाले.

सगळ्याच संग्रहांच्या वाट्याला असे घर सहज येत नाही. ‘एबनी’ आणि ‘जेट’ या नियतकालिकांच्या छायाचित्रांचा चाळीस लाखांहून अधिक नगांचा ठेवा प्रकाशनसंस्थेच्या दिवाळखोरीमुळे सन २०१९ मध्ये लिलावात निघाला. तो खाजगी तिजोरीत बंद होण्याची भीती होती. चार प्रतिष्ठानांनी एकत्र येऊन तीन कोटी डॉलरांना तो घेतला; सन २०२२ मध्ये त्याची मालकी गेटी न्यास आणि वॉशिंग्टनच्या आफ्रिकी-अमेरिकी इतिहास संग्रहालयाकडे सोपवण्यात आली. शॉम्बर्ग यांचा संग्रह दहा हजार डॉलरांत सुरक्षित झाला होता. विलंबाची किंमत किती वाढते, हे या दोन आकड्यांवरून दिसते.

संगणकामुळे हार्लेमचे चित्र जगाच्या कोणत्याही कोपऱ्यात पोहोचते, ही मोठीच सोय होय. परंतु ते चित्र कोणाचे, कुठले, केव्हाचे, हे सांगणारी ओळ माणसालाच लिहावी लागते, आणि ती सांगणारा हयात आहे तोवरच लिहावी लागते. जुन्या संस्थांच्या भिंतींवर चौकटीत बसवलेली समूहचित्रे असतात. मागच्या रांगेतील माणसांची नावे विचारून घेण्याचे काम उद्यावर टाकण्यासारखे नसते.